रोझेशियावर कोणता उपाय, कशासाठी आणि किती दिवस

रोझेशिया हा चेहऱ्याच्या त्वचेचा दीर्घकाळ चालणारा आजार. त्याच्या उपचारात सगळ्यात जास्त निराशा एका गोंधळातून येते. पुटकुळ्यांचं औषध लावलं जातं आणि वाट पाहिली जाते ती लाली जाण्याची. मेट्रोनिडाझोलची ट्यूब तीन महिने इमानेइतबारे लावली, पुटकुळ्या गेल्या, पण गाल लालच राहिले. मग ‘लागू पडलं नाही’ म्हणून औषध बंद होतं. खरं तर त्या औषधाने आपलं काम चोख केलेलं असतं. गालांवरची कायमची लाली, कातडीतून दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या, पुटकुळ्या, जाड होत जाणारं नाक आणि चुरचुरणारे डोळे ही लक्षणं एकाच आजाराची असली, तरी प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे.

पूर्वी, म्हणजे २००२ पासून, रोझेशियाचे चार उपप्रकार मानले जात आणि रुग्णाला त्यांपैकी एकात बसवलं जाई. अडचण अशी की बहुतेकांना एकाच वेळी दोन-तीन प्रकारची लक्षणं असतात. २०१७ मध्ये ही पद्धत बदलली. आता चेहऱ्यावर प्रत्यक्ष काय काय दिसतंय याची यादी करायची, त्यातलं रुग्णाला सर्वांत जास्त काय खुपतंय ते ठरवायचं आणि प्रत्येक लक्षणावर स्वतंत्र उपाय योजायचा, असा विचार केला जातो. त्यामुळे एका रुग्णाला एक मलम, एक गोळी आणि पुढे लेझर असे तीन उपचार मिळाले, तर डॉक्टर गोंधळलेले आहेत असं समजू नये.

आधी हा रोझेशियाच आहे ना?

रोझेशिया चेहऱ्याच्या मधल्या भागात दिसतो: गाल, नाक, हनुवटी, कपाळाचा मधला भाग. सहसा तिशीनंतर सुरू होतो. चेहरा एकदम तापून लाल होणं, काही मिनिटांनी ओसरणं, आणि पुढे पुढे ती लाली न ओसरता तिथेच मुक्काम करणं हा नेहमीचा क्रम. सोबत आग, चुणचुण, साधी क्रीमही झोंबणं. पुटकुळ्या मुरुमांसारख्या दिसतात, पण रोझेशियात ब्लॅकहेड आणि व्हाइटहेड नसतात. मुरुमांशी फरक करण्याची ही सर्वांत सोपी खूण.

नाकाच्या बाजूच्या घड्या, भुवया आणि डोकं इथे तेलकट पिवळसर पापुद्रे असतील, तर सेबोऱ्हिक डर्मटायटिसचा, म्हणजे कोंड्याच्या जातीच्या त्वचारोगाचा, विचार करावा लागतो. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात. गालांवर फुलपाखरासारखा लाल पट्टा आहे, पण नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी कोरी सुटली आहे, आणि सोबत सांधेदुखी, ताप, तोंडात व्रण असतील, तर ल्युपसची, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजाराची, तपासणी हवी. चेहरा लाल होण्याच्या झटक्यांबरोबर जुलाब, धाप किंवा छातीत धडधड होत असेल, तर मलमं बदलत बसू नये, फिजिशियनला दाखवावं.

सावळ्या आणि काळ्या त्वचेत रोझेशिया अनेकदा ओळखलाच जात नाही, कारण लाली डोळ्यांना पटकन दिसत नाही. तिथे लालीपेक्षा उष्णता जाणवणं, आग होणं, गालांवर तपकिरी-जांभळट छटा, वर्षानुवर्षं न जाणाऱ्या ‘मुरुमां’च्या पुटकुळ्या आणि प्रत्येक क्रीम झोंबणं या गोष्टींवरून संशय घ्यावा लागतो. काचेची पट्टी गालावर दाबली की खालची लाली क्षणभर फिकी होते, ती उचलली की परत येते. डॉक्टर ही युक्ती वापरतात.

आत काय बिघडलेलं असतं

उपायांमागचं कारण कळण्यापुरतं थोडक्यात. त्वचेची जन्मजात संरक्षणयंत्रणा रोझेशियात जास्तच तापट झालेली असते. कॅथेलिसिडिन नावाचं प्रथिन त्वचेत तयार होतं आणि कॅलिक्रीन-५ हे एन्झाइम त्याचे तुकडे करतं. रोझेशियात ही दोन्ही जास्त असतात, आणि त्या तुकड्यांमुळे दाह होतो, रक्तवाहिन्या फुगतात. दुसरीकडे उष्णता आणि तिखट ओळखणारे मज्जातंतू लवकर भडकतात. म्हणूनच गरम चहा, ऊन, तिखट, दारू, राग किंवा लाज, सगळ्यांचा परिणाम एकच, चेहरा लाल. तिसरी बाजू डेमोडेक्स या सूक्ष्म किड्याची. तो जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर राहतो, पण रोझेशियात त्याची संख्या बरीच वाढलेली सापडते. तो अस्वच्छतेमुळे होत नाही आणि चेहरा घासून जातही नाही. घासण्याने फक्त त्वचेचा वरचा थर सोलवटतो आणि आग वाढते.

हा आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. पण बहुतेकांचा चेहरा जवळजवळ स्वच्छ ठेवता येतो.

पहिला आठवडा: औषध सुरू करण्याआधी काय बंद करायचं

चेहऱ्यावर स्टेरॉइड क्रीम चालू असेल, तर सगळ्यात आधी त्याचा निकाल लावावा लागतो. बीटामिथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं ट्यूबवर शोधा. खाज, डाग, गोरेपणा, बुरशी अशा निरनिराळ्या कारणांसाठी विकल्या जाणाऱ्या मिश्र क्रीममध्येही ती लपलेली असतात. स्टेरॉइडने पहिले काही दिवस लाली झटकन ओसरते, म्हणून विश्वास बसतो. महिनाभरात कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या उघड्या पडतात, आणि क्रीम थांबवलं की चेहरा दुप्पट पेटतो. मग तेच क्रीम पुन्हा लावलं जातं. या चक्रातून बाहेर पडताना पहिले दोन ते सहा आठवडे त्रास वाढतो, हे आधीच माहीत असलं तर माणूस टिकतो. बराच काळ तीव्र स्टेरॉइड वापरलं असेल, तर एकदम बंद करायचं की सौम्य स्टेरॉइडवर उतरत यायचं हे डॉक्टर ठरवतात. या काळासाठी बरेचदा डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या आणि कधी टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेलं मलम दिलं जातं.

त्याखेरीज बंद करायच्या गोष्टी: स्क्रब, चेहऱ्याचे ब्रश, टोनर, मेन्थॉल, कापूर, निलगिरी किंवा पेपरमिंट असलेली क्रीमं, सुगंधी तेलं, लिंबू, ग्लायकोलिक ॲसिडची पील (कातडीचा वरचा थर सोलणारा लेप). मुरुमांवर लावलं जाणारं साधं बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि रेटिनॉलही सध्या बाजूला ठेवा.

उरतात तीन वस्तू. साबणाऐवजी बिनसुगंधी सौम्य क्लिन्झर, दिवसातून जास्तीत जास्त दोनदा, बोटांच्या टोकांनी, कोमट पाण्याने. गरम पाणी नको, बर्फही थेट नको. मग बिनसुगंधी मॉइश्चरायझर. सिरॅमाइड, ग्लिसरीन किंवा डायमेथिकोन असलेलं चांगलं. आणि सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवर आधारलेली सनस्क्रीन कमी झोंबतात. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतकं सनस्क्रीन लागतं. बहुतेक लोक याच्या निम्म्यानेही लावत नाहीत आणि मग उन्हाने लाली वाढते म्हणतात. पांढरा थर नको असेल तर आयर्न ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घ्या. ते लालीही थोडी झाकतं.

कुठलीही नवी वस्तू आणली की आधी कानाखाली, मानेच्या बाजूला तीन-चार दिवस लावून पाहा. दोन नव्या वस्तू एकाच आठवड्यात सुरू करू नका, नाहीतर कशाने आग झाली ते कधीच कळणार नाही.

पुटकुळ्यांसाठी लावायची औषधं

इथे औषधांचा खजिना बरा आहे. नेहमी वापरली जाणारी तीन.

मेट्रोनिडाझोल: ०.७५ टक्के असेल तर दिवसातून दोनदा, १ टक्का असेल तर एकदा. सगळ्यांत जुनं, बहुतेकांना सोसणारं, पण परिणाम मध्यम.

ॲझेलेइक ॲसिड: १५ टक्क्यांचं जेल किंवा फोम, दिवसातून दोनदा. अमेरिकेत रोझेशियासाठी २००२ पासून मान्य आहे. पुटकुळ्यांबरोबर त्यांच्या मागे राहणारे काळपट डागही फिके करतं, त्यामुळे सावळ्या त्वचेत त्याचा दुहेरी उपयोग. दोष एकच, झोंबतं. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड रात्री लावून सुरुवात केली आणि खाली मॉइश्चरायझरचा थर ठेवला, तर बरेच लोक टिकतात. २० टक्क्यांचं क्रीमही मिळतं. आकडा मोठा म्हणून ते जास्त जोरकस, असं मात्र नाही. जेलमधून औषध त्वचेत जास्त चांगलं उतरतं.

आयव्हरमेक्टिन १ टक्का क्रीम: दिवसातून एकदा, रात्री. २०१४ च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळाली. डेमोडेक्सवर आणि दाहावर, दोन्हीकडे काम करतं. ०.७५ टक्के मेट्रोनिडाझोलशी १६ आठवडे थेट तुलना झाली, तेव्हा आयव्हरमेक्टिन सरस ठरलं, आणि थांबवल्यावर आजार परतायलाही जास्त वेळ लागला. पुटकुळ्या मध्यम किंवा जास्त असतील आणि उपलब्ध असेल, तर पहिली पसंती याला द्यावी, असं आमचं मत. काहींना पहिल्या एक-दोन आठवड्यांत पुटकुळ्या किंचित वाढल्यासारख्या वाटतात. सूज आली नसेल तर थांबायचं कारण नाही. जनावरांसाठीचं आयव्हरमेक्टिन किंवा खरजेचं औषध चेहऱ्यावर लावण्याचे प्रयोग करू नयेत. त्यांतली मात्रा आणि बाकीचे घटक चेहऱ्यासाठी नसतात.

लावायची पद्धत तिन्हींची सारखीच. चेहरा धुऊन टिपून घ्या आणि दहा-पंधरा मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्या. ओल्या त्वचेवर औषध जास्त आत जातं आणि जास्त झोंबतं. मग कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गाल अशा पाच जागी वाटाण्याएवढा एकेक ठिपका ठेवून पातळ पसरा. डोळे, ओठ आणि नाकपुडीच्या कडा सोडा. औषध फक्त दिसणाऱ्या पुटकुळीवर टेकवणं ही नेहमीची चूक. दाह आजूबाजूच्या साध्या दिसणाऱ्या त्वचेतही असतो, म्हणून पूर्ण भागावर लावायचं. त्यावर मॉइश्चरायझर, सकाळ असेल तर शेवटी सनस्क्रीन.

फरक दिसू लागायला चार ते सहा आठवडे, आणि औषधाचा निवाडा करायला किमान बारा आठवडे. तिसऱ्या आठवड्यात ट्यूब बदलणं म्हणजे पुन्हा शून्यापासून सुरुवात.

गंधक आणि सोडियम सल्फासेटामाइडचं मिश्रण, १.५ टक्के मिनोसायक्लिनचा फोम, आणि सूक्ष्म सिलिका आवरणात बंद केलेलं ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड असेही पर्याय आहेत. या शेवटच्यात आवरणामुळे औषध हळूहळू बाहेर येतं, म्हणूनच जे बेन्झॉइल पेरॉक्साइड एरवी रोझेशियाच्या त्वचेला सोसत नाही, ते इथे चालतं. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी पहिलं मिश्रण टाळावं.

गोळ्या कधी

पुटकुळ्या खूप असतील, मलमाने बारा आठवड्यांत पुरेसा फरक पडला नसेल किंवा डोळ्यांनाही त्रास असेल, तर गोळ्या. पहिला क्रमांक डॉक्सिसायक्लिनचा. इथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्यावी. हे प्रतिजैविक असलं तरी रोझेशियात ते जंतू मारण्यासाठी दिलं जात नाही, दाह कमी करण्यासाठी दिलं जातं. म्हणूनच ४० मिलीग्रॅमची खास कॅप्सूल निघाली: ३० मिलीग्रॅम लगेच सुटणारं, १० मिलीग्रॅम उशिरा सुटणारं, दिवसातून एकदा. रक्तातलं प्रमाण जंतू मारण्याच्या पातळीखाली राहतं, पण दाह उतरतो. १०० मिलीग्रॅमशी तुलना केली तेव्हा पुटकुळ्यांवरचा परिणाम सारखा आला आणि पोटाच्या तक्रारी कमी. ती कॅप्सूल मिळत नसेल तर ५० किंवा १०० मिलीग्रॅमची साधी गोळी दिली जाते. मुदत साधारण बारा ते सोळा आठवडे. मलम सोबत चालूच ठेवायचं, म्हणजे गोळी थांबली की ते बाजू सांभाळतं.

डॉक्सिसायक्लिन घेताना बिघडतं ते घेण्याच्या पद्धतीत. पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घेऊन लगेच आडवं झालं, की ती अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण होतो, आणि गिळताना छातीत जबरदस्त दुखतं. पूर्ण ग्लासभर पाणी घ्या, नंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर बसून किंवा उभं राहा, झोपायच्या वेळेची सवय टाळा. लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि ॲसिडिटीची औषधं दोन-तीन तास लांब ठेवा, ती डॉक्सिसायक्लिनला पोटातच बांधून ठेवतात. या गोळीने त्वचा उन्हात लवकर भाजते, हेही लक्षात असू द्या. गर्भारपणात आणि आठ वर्षांखालील मुलांना ही दिली जात नाही. तिथे गरज पडलीच तर डॉक्टर ॲझिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिनचा विचार करतात.

एवढ्यानेही पुटकुळ्या हटत नसतील, तर कमी मात्रेतलं आयसोट्रेटिनॉइन, हट्टी मुरुमांवर दिली जाणारी कॅप्सूल. मुरुमांपेक्षा रोझेशियात मात्रा लहान असते: दर किलो वजनामागे रोज ०.२५ ते ०.३ मिलीग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ती १५ ते १८ मिलीग्रॅम भरते, म्हणून प्रत्यक्षात १० किंवा २० च्या कॅप्सूलमध्ये बसवतात. गर्भात गंभीर व्यंग निर्माण करणारं हे औषध आहे, त्यामुळे गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रीने सुरू करण्याआधी एक महिना, चालू असताना आणि थांबवल्यावर किमान एक महिना खात्रीचं गर्भनिरोधन पाळायलाच हवं. यकृताची आणि रक्तातल्या चरबीची तपासणी करावी लागते. ओठ आणि डोळे कोरडे पडतात; डोळ्यांचा रोझेशिया असणाऱ्यांना हा कोरडेपणा जड जातो. आयसोट्रेटिनॉइन आणि डॉक्सिसायक्लिन एकत्र कधीही घेऊ नयेत. दोन्ही मिळून मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो, आणि डोकेदुखीबरोबर दृष्टी धूसर होते.

कायमच्या लालीसाठी

पुटकुळ्यांभोवतीची लाली त्यांच्याबरोबर जाते. उरते ती पार्श्वभूमीची लाली, म्हणजे सतत रुंदावलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांमधलं रक्त. तिच्यावर रक्तवाहिन्या आकसवणारी दोन औषधं आहेत. ०.३३ टक्के ब्रिमोनिडीनचं जेल २०१३ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. काचबिंदूच्या थेंबांत वापरलं जाणारंच हे औषध. सकाळी एकदा लावलं की अर्ध्या तासात लाली फिकी होऊ लागते, तीन ते सहा तासांदरम्यान परिणाम सर्वाधिक असतो, बारा तासांनी मूळपदावर. १ टक्का ऑक्सिमेटाझोलिन क्रीम २०१७ मध्ये आलं. त्याचा परिणाम थोडा सौम्य, पण चालही शांत.

दोन्ही तात्पुरती आहेत, आजाराला हात लावत नाहीत. ब्रिमोनिडीनबाबत सावध राहावं असं आम्हाला वाटतं. काहींच्या चेहऱ्यावर औषध उतरताना लाली मूळच्यापेक्षा भडक होऊन परत येते, कधी आधी कोऱ्या असलेल्या जागी, मानेवरही. पसरवताना जागा सुटली तर मध्येच पांढरे-लाल पट्टे दिसतात. काहींना महिन्यांनंतर औषधाचीच ॲलर्जी होते. म्हणून पहिली चाचणी सुट्टीच्या दिवशी, घरी, एकाच गालावर, अगदी थोड्या औषधाने करा आणि दिवसभर दर दोन तासांनी आरशात पाहा. लग्न किंवा मुलाखतीच्या सकाळी पहिल्यांदा लावणं हा जुगार आहे. आणखी दोन गोष्टी: या औषधांनी मोठ्या, ठळक रक्तवाहिन्या आकसत नाहीत, उलट मागची लाली फिकी झाल्याने त्या जास्त उठून दिसतात. आणि ब्रिमोनिडीनची ट्यूब लहान मुलांच्या हाती लागता कामा नये, पोटात गेलं तर श्वास आणि नाडी मंदावू शकते. नाक चोंदल्यावर मारायचा ऑक्सिमेटाझोलिनचा स्प्रे गालावर वापरण्याचे सल्लेही फिरतात. त्याची मात्रा कितीतरी कमी असते आणि तो चेहऱ्यासाठी बनवलेला नाही.

अचानक तापून लाल होण्याच्या झटक्यांवर मात्र ही मलमं फारशी चालत नाहीत. तिथे आधी कारणं शोधायची. दोन-तीन आठवडे एक वही ठेवा: झटका किती वाजता आला, त्याआधीच्या तासाभरात काय खाल्लं-प्यायलं, ऊन, स्वयंपाकाची उष्णता, व्यायाम, ताण. प्रत्येकाची यादी वेगळी निघते, त्यामुळे इंटरनेटवरची पन्नास पदार्थांची बंदी-यादी पाळण्यात अर्थ नाही. गरम पेयांत बरेचदा दोष पेयाचा नसून तापमानाचा असतो. कॉफीच्या बाबतीत तर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात कॅफिनयुक्त कॉफी जास्त पिणाऱ्या स्त्रियांत रोझेशिया कमी आढळला होता. कोमट करून प्या. व्यायाम सोडू नका. सलग तीस मिनिटांऐवजी दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा, पंखा लावा, मानेला ओला रुमाल बांधा. झटके तरीही असह्य असतील, तर डॉक्टर कार्वेडिलोल किंवा प्रोप्रॅनोलोल ही रक्तदाब आणि नाडी उतरवणारी औषधं कमी मात्रेत देऊन पाहतात. दमा असणाऱ्यांना ही धोक्याची, कमी रक्तदाब किंवा मंद नाडी असणाऱ्यांना गैरसोयीची. मनाने सुरू करू नयेत आणि एकदम थांबवूही नयेत.

उघड्या रक्तवाहिन्या आणि लेझर

नाकाच्या बाजूला, गालांवर दिसणाऱ्या लाल-जांभळ्या रेषा कुठल्याही मलमाने किंवा गोळीने जात नाहीत. यावर उपाय प्रकाशाचा. १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी मांडलेलं तत्त्व त्यामागे आहे: योग्य तरंगलांबीचा प्रकाश क्षणभरच सोडला, तर तो शोषणारी वस्तूच तापते आणि आजूबाजूची त्वचा वाचते. इथे ती वस्तू म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन. रक्तवाहिनी आतून तापते, बंद पडते, आणि शरीर तिची विल्हेवाट लावतं.

५९५ नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेझर पसरलेल्या लालीसाठी आणि बारीक जाळ्यासाठी, ५३२ नॅनोमीटरचा केटीपी लेझर सुट्या रेषांसाठी, आयपीएल (लेझरऐवजी तीव्र प्रकाशाचे झोत सोडणारं यंत्र) मोठ्या भागासाठी, आणि १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग जाड, खोल, निळसर वाहिन्यांसाठी वापरला जातो. सहसा दोन ते चार बैठका, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. रबर बँड टचकन लागल्यासारखी वेदना होते. एक ते तीन दिवस सूज राहते. पल्स्ड डाय लेझर जोरात वापरला तर निळेजांभळे डाग एक-दोन आठवडे राहतात. कमी जोरात वापरला तर डाग नाहीत, पण बैठका वाढतात. हा सौदा आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवा.

सावळ्या त्वचेत अडचण मेलॅनिनची, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्याची आहे. तोही हाच प्रकाश शोषतो. म्हणजे वाहिनीऐवजी कातडी भाजून काळे किंवा पांढरे डाग पडण्याचा धोका. आयपीएलने हे सर्वांत सहज होतं. अशा त्वचेवर १०६४ नॅनोमीटर तुलनेने सुरक्षित, कारण ती लांबी मेलॅनिन कमी शोषतो. कानापुढे लहानशी चाचणी करून काही आठवडे थांबणं आणि असाच त्वचारंग नेहमी हाताळणाऱ्या डॉक्टरकडे जाणं हे दोन नियम मोडू नयेत. उन्हाने काळवंडलेल्या चेहऱ्यावर लेझर करू नये. आणि सक्रिय पुटकुळ्या असतील तर आधी त्या शांत कराव्यात. लेझर पुटकुळ्यांचं औषध नाही. बंद झालेल्या वाहिन्या परतत नाहीत, पण आजार चालू असल्याने नव्या उमटतात. वर्ष-दोन वर्षांनी एखादी बैठक पुन्हा लागू शकते.

नाक जाड होऊ लागलं तर

हे पुरुषांत जास्त दिसतं. रंध्रं मोठी होणं, नाकाचं टोक तेलकट आणि खडबडीत होणं ही सुरुवात. या टप्प्यावर आयसोट्रेटिनॉइनने तेलग्रंथी आक्रसतात आणि वाढ थांबू शकते. एकदा गाठाळ, तंतुमय झालं की गोळी चालत नाही. मग कार्बन डायऑक्साइड लेझर, विद्युत शस्त्रक्रिया किंवा सुरीने थर तासून नाकाला आकार द्यायचा. कौशल्य थांबायचं कुठे यात आहे: ग्रंथींचा तळ शिल्लक ठेवला तर त्यातूनच नवी कातडी उगवते, जास्त खोल गेलं तर चकचकीत व्रण राहतो. दारूमुळे असं नाक होतं हा समज चुकीचा आहे. कधीच न पिणाऱ्यांनाही होतं, आणि त्या टोमण्यांना घाबरून लोक उशिरा येतात.

डोळे विसरू नका

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटणं, लाल होणं, पापणीच्या कडा सुजणं, वारंवार रांजणवाडी येणं. चेहऱ्यावर काही दिसण्याआधीही हे सुरू होऊ शकतं, आणि त्वचेच्या डॉक्टरांना रुग्ण ते सांगतच नाही. रोज करायचं ते असं: स्वच्छ कापड कोमट-गरम पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटं ठेवा, गार होत जाईल तसं परत ऊन करा. शेक पापण्यांपुरताच, गालावर नको. मग बोटाने वरची पापणी खाली आणि खालची वर, कडेच्या दिशेने हलकी दाबा, म्हणजे ग्रंथींत साकळलेलं तेल बाहेर येतं. शेवटी पापण्यांच्या मुळाशी पापण्यांसाठीच्या खास वाइपने पुसा. दिवसा प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब. दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर डोळ्यांचे डॉक्टर डॉक्सिसायक्लिन, ॲझिथ्रोमायसिनचे थेंब किंवा सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात. डोळा दुखणं, उजेड सहन न होणं किंवा धूसर दिसणं असेल, तर त्याच दिवशी दाखवा. बुबुळाला इजा होत असू शकते.

गर्भारपणी, आणि चेहरा निवळल्यावर

गर्भारपणात ॲझेलेइक ॲसिड आणि लावायचं मेट्रोनिडाझोल ही डॉक्टरांची नेहमीची निवड. डॉक्सिसायक्लिन आणि आयसोट्रेटिनॉइन नाही. लेझर लांबणीवर टाकता येतो.

चेहरा निवळला की आधी गोळी थांबवायची, मलम तसंच ठेवायचं. आणखी दोन-तीन महिने पुटकुळी आली नाही, तर मलम एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, अशी उतरती. उतरताना नव्या पुटकुळ्या आल्या तर मागच्या पायरीवर परत जा आणि तिथेच दोन महिने थांबा. पहिल्यापासून सगळं सुरू करण्याची गरज नसते. काहींना आठवड्यातून दोनदा मलम वर्षानुवर्षं लागतं, काहींना फक्त उन्हाळ्यात. सनस्क्रीन आणि मॉइश्चरायझर मात्र उतरत्या वेळापत्रकात येत नाहीत, ते रोजच. दर महिन्याला एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी, मेकअपविना चेहऱ्याचे तीन फोटो काढून ठेवा, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. बारा आठवड्यांनी औषध चाललं की नाही हे आरशापेक्षा हे फोटो नीट सांगतात, आणि डॉक्टरांनाही पुढचं पाऊल ठरवायला तेच उपयोगी पडतात.